मळाचा वाटा

हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरांनी गाठोड्यातली वरची चादर काढून टेबलावर पसरली आणि तिच्यावरून एक बोट ओढलं. मग ते बोट त्यांनी परटाच्या सुनेच्या नाकासमोर धरलं.

"हे काय?"

बोटावर राखाडी रेघ उमटली होती. सून खाली बघत राहिली. ही चादर तिने स्वतः सोड्यात उकळली होती, दगडावर आपटली होती, तीन पाण्यांतून काढली होती आणि नीळ देऊन दोरीवर टाकली तेव्हा ती बगळ्यासारखी पांढरी होती. पण त्या बोटापुढे हे सगळं सांगून काय उपयोग होता?

"जखमेखाली टाकायची असते ही चादर," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "तुझ्या सासऱ्यांकडे बघून मी वर्षभर गप्प बसले. आता पावसाळ्यापर्यंत बघते. तोवर चादरी पांढऱ्या झाल्या नाहीत तर काम शहरातल्या मशीनवाल्यांकडे जाईल. माझा इलाज नाही."

घरोघरी कपडे धुण्याची मशिनं आल्यापासून गावचं कापड घाटावर यायचं केव्हाच थांबलं होतं. परटाच्या घराला आता हॉस्पिटलच्या चादरींशिवाय दुसरं काम नव्हतं. त्या गेल्या की घाट सोडायचा आणि सासऱ्याने, नवऱ्याने, तिने, तिघांनी तीन ठिकाणी मजुरी शोधायची, एवढंच उरत होतं. सुनेने गाठोडं पुन्हा बांधलं आणि डोक्यावर घेतलं. धुतलेले कपडे परत नेताना जे ओझं होतं ते तिने लग्नानंतरच्या अकरा वर्षांत कधी उचललं नव्हतं.

दोष कुणाचा हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी टेकडीपलीकडे खडी फोडायचं मशीन सुरू झालं होतं. सकाळी आठला त्याची घरघर सुरू झाली की टेकडीच्या डोक्यावर पांढुरका ढग उभा राहायचा आणि दुपारपर्यंत हळूहळू घाटावर उतरायचा. सासऱ्याने गावसभेत तक्रारही केली होती. तेव्हा खडीचा मॅनेजर उठून अगदी गोड हसला होता.

"काका, नदीची वाळू उडते, रस्त्याची माती उडते. धुळीवर काय आमचं नाव लिहिलंय?"

सभा खो खो हसली. सासरा तोंडात मारल्यासारखा खाली बसला, आणि त्यानंतर सभेच्या दिशेला फिरकला नाही.

गाठोडं घेऊन सून हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर जरा टेकली, तेव्हा तिथे एक बाई जमिनीवर उकिडव्या बसून काचांचे तुकडे फडक्यात गुंडाळत होत्या. हॉस्पिटलच्या छपरावर उन्हापासून वीज करणाऱ्या पाट्या बसवल्या होत्या. धूळ बसली की त्यांची वीज निम्म्यावर यायची. त्यावर उपाय शोधायला या बाई विद्यापीठातून स्कूटरवर येत. काचेवर लावायचा एक लेप त्यांनी तयार केला होता. लेपावर धूळ टिकत नाही, वाऱ्याने घसरून जाते, असं त्यांचं म्हणणं. गाव त्यांना 'काचवाल्या बाई' म्हणायचं.

सुनेने काही न सांगता त्यांनीच विचारलं, "रडताय का?"

अनोळखी माणसाने असं थेट विचारलं की सांगून टाकणं सोपं जातं. सुनेने सिस्टरांचं बोट सांगितलं, मॅनेजरचं हसणंही सांगितलं.

बाईंनी गाठोड्यातल्या चादरीवर नख फिरवलं, नख उन्हात धरून बघितलं. "धुळीवर नाव असतं हो," त्या म्हणाल्या. "वाचता आलं पाहिजे एवढंच. तुमच्याकडे सपाट छप्पर आहे?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी इस्त्रीच्या खोलीच्या छपरावर एक लाकडी चौकट आणून ठोकली. तिच्यात वहीच्या पानाएवढ्या बारा काचा. सहा लेपाच्या, सहा साध्या. साध्या काचांवर बसलेली धूळ तोलून, भिंगाखाली घालून ती कुठून आली ते काढायचं. लेपाच्या काचांवरून लेप किती कामाचा ते कळायचं.

"साठ दिवस," बाई म्हणाल्या. "मग गावसभा भरते, त्या दिवशी मी कागद घेऊन उभी राहते. तोवर कुणी यांना हात लावायचा नाही. पाऊस नको, पाणी नको, काही नको. नुसतं मळू द्या."

सुनेला ते ऐकून गंमत वाटली. परटाच्या छपरावर मळू द्यायचं!

सासरा तेव्हा नदीवर होता. संध्याकाळी तिने त्याला सांगितलं, "मामंजी, वरच्या काचा बाईंच्या आहेत. हलवायच्या नाहीत. त्यांच्यावर सगळं अवलंबून आहे."

सासऱ्याने मान डोलावली. एवढंच सांगून ती कामाला लागली आणि तिथेच चुकली, कारण सासरा कसा माणूस होता हे तिला पुरतं ठाऊक होतं. मळाचा ठिपकाही न खपवणारा माणूस. एकदा व्याह्यांकडे जेवायला गेला असताना टेबलावरचं कापड मळकं दिसलं, तेव्हा ते सगळ्यांच्या ताटांखालून ओढून तो मोरीवर धुवायला बसला होता. व्याही पुढे चार वर्षं बोलत नव्हते.

दिवस चालू राहिले. उजाडायच्या आत कपडे उकळायची भट्टी पेटायची. सोड्याच्या वाफेने डोळे चुरचुरायचे, बोटांच्या पेरांना भेगा पडून त्यांत पुन्हा सोडा जायचा. मग नदी. गुडघाभर पाण्यात वाकून सून चादर दगडावर आपटायची, आणि आपटताना तोंडाने "हं" असा आवाज काढायची. तो आवाज नसला तर पाठ लवकर धरते. मोठ्या चादरी पिळायला दोन माणसं लागतात. एका टोकाला ती, दुसऱ्याला सासरा, उलट दिशांना पीळ देत एकमेकांकडे सरकत यायचे. सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याच्या मनगटात अजून एवढी ताकद होती की कधी कधी तिचेच पाय घसरायचे. "खा जरा," तो म्हणायचा. तेवढीच त्याची थट्टा.

दोऱ्यांवर टाकण्याआधी वारा बघायला तो रोज लोखंडी शिडीने छपरावर चढायचा. हे चाळीस वर्षांचं. गुडघे कुरकुरायचे तरी चढायचा, आणि खाली येऊन "आज तिरपी बांधा" नाहीतर "आज सरळ" एवढं सांगायचा. तो वर जातो याचं कुणालाच काही वाटलं नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी वाऱ्याने एक उशीची खोळ उडून छपरावर गेली, म्हणून सून वर चढली. काचा उन्हात लखलखत होत्या. तिला आधी भलताच आनंद झाला. काय पण लेप काढलाय बाईंनी! सत्तेचाळीस दिवस आणि धुळीचा कण नाही! वाकून बघायला गेली तेव्हा तिला स्वतःचा चेहरा दिसला. मग तिने डावीकडच्या सहा काचा बघितल्या. त्यांच्यावर लेप नव्हता. त्यांच्यातही तिचा चेहरा दिसत होता.

चौकटीच्या खिळ्यावर एक ओलं फडकं नीट चौकोनी घडी करून वाळत टाकलं होतं. अशी घडी घरात एकच माणूस घालायचा.

 ती घाईघाईने शिडी उतरली.

"मामंजी, वरच्या काचा पुसता का तुम्ही?"

"मग?" सासरा इस्त्रीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून दोरीला गाठ मारत होता. "रोज पुसतो. पाहुण्या बाईची वस्तू आपल्या छपरावर मळकी पडायची म्हणजे काय? जागची तसूभर हलवली नाही हां. तू सांगितलं होतंस ते लक्षात आहे माझ्या."

सुनेने कपाळावर हात मारला आणि खालीच बसली. मग तिने त्याला सगळं सांगितलं, जे सत्तेचाळीस दिवसांपूर्वी सांगायचं होतं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याच्या हातातली गाठ सुटत गेली. तो नुसता स्वतःच्या पंज्यांकडे बघत बसला.

नवरा इस्त्रीमागून हे ऐकत होता. तो कमी बोलायचा, पण बोलला की कामाचं बोलायचा. "बाई अजून तेरा दिवसांनी येणार आहेत," तो म्हणाला. "खडीच्या गेटाबाहेर भुकटीचा ढीग पडलाय. डबाभर आणायची, चाळणीने काचांवर पसरायची. कुणाला कळतंय?"

सून उठली आणि डबा घेऊन गेली. खरंच गेली. इथे तिची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की तिच्या डोळ्यांसमोर घाट सोडून जाणारी तीन माणसं होती. भुकटी भरून आणली, चाळणी घेतली, शिडीला हात घातला. सासरा शिडीच्या खाली येऊन उभा राहिला होता.

"ठेव तो डबा."

"मामंजी, दुसरा रस्ता नाही."

"पन्नास वर्षं मळ बघतोय मी. बसलेला मळ निराळा आणि बसवलेला निराळा. लोक मुद्दाम डाग पाडून आणायचे आणि म्हणायचे, परटाने कापड खराब केलं. मला हात फिरवला की कळायचं. मला कळतं, तर जिचं शिक्षणच त्यातलं तिला कळणार नाही?" तो थांबला. "आणि नाही कळलं तर ते जास्त वाईट. बाई बिचारी आपला खोटा मळ घेऊन भर सभेत उभी राहील."

सुनेने डबा खाली ठेवला. तिला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दुपारी नवऱ्याच्या फोनवरून तिने बाईंना सगळं सांगितलं.  मग बाई म्हणाल्या, "येते."

त्या आल्या, छपरावर चढल्या, काचांकडे बघितलं आणि छपराच्या कठड्यावर बसल्या. सुनेने मनात शंभर शिव्या ऐकायची तयारी केली होती. बाई म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, कसं पुसता ते मला करून दाखवा."

म्हाताऱ्याने फडकं पाण्यात बुडवून पिळलं, दोनदा झटकलं आणि काचेवरून वरून खाली एकच ओढ घेतली. मग फडकं उलटून दुसरी. बाईंनी खिशातून छोटा वजनकाटा काढला, काच त्याच्यावर ठेवली आणि म्हाताऱ्याला पुन्हा पुसायला लावलं, हाताचा जोर किती पडतो ते बघायला. पाणी कुठलं, फडकं कुठलं, दिवसातून किती वेळा, सगळं विचारून लिहून घेतलं. मग लेपाच्या काचेवर त्यांनी थेंबभर पाणी टाकलं. थेंब गोल उभा राहायला हवा होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. तो पसरट होऊन बसला.

बाई एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "तीन वर्षं लागली हा लेप करायला. प्रयोगशाळेत आम्ही यंत्राने घासून बघितला, वीस वर्षं टिकेल असं लिहिलं. बाबांनी दीड महिन्यात पुसून टाकला."

"मी भरून देतो," म्हातारा म्हणाला. काय भरून देणार होता ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

"काही भरायचं नाही. लोक पाट्या पुसणारच. धूळ दिसली की माणूस पुसतोच, आणि आमच्या यंत्राला हे ठाऊक नव्हतं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. "लेप पुन्हा करावा लागेल. हे मला आणखी दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलं ते बरं."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. स्वतःच्या तीन वर्षांवर पाणी पडल्याचं ही बाई स्वतःच्या हाताने वहीत लिहीत होती, आणि खाडाखोडसुद्धा नव्हती. असं माणूस तिने कधी बघितलं नव्हतं.

सभेला तेरा दिवस उरले होते. बाईंनी नव्या बारा काचा लावल्या, सगळ्या साध्या. साठ दिवसांची धूळ तेरा दिवसांत मिळणार नव्हती, म्हणून त्या रोज सकाळी स्कूटरवरून यायच्या, एक काच काढून डबीत बंद करायच्या, तिच्या जागी दुसरी ठेवायच्या आणि तास न् तास वाऱ्याची दिशा टिपत बसायच्या. दीड तासाचा रस्ता. एकदा पंक्चर झाली तर स्कूटर ढकलत आल्या. सुनेने चहा दिला की पिऊन कप स्वतः विसळून ठेवायच्या.

ते तेरा दिवस म्हाताऱ्याला फार जड गेले. काचा डोळ्यांदेखत मळत होत्या आणि त्याने काही करायचं नव्हतं. वारा बघायला वर जायचा तेव्हा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. चौथ्या दिवशी तर त्याने सुनेला वर बोलावलं आणि म्हणाला, "तू उभी राहा इथे. मला स्वतःचा भरवसा वाटत नाही."

एके दिवशी बाईंनी त्याला भिंगातून बघायला लावलं. भिंगाची वायर लॅपटॉपला जोडली होती आणि पडद्यावर धूळ गारगोट्यांएवढी दिसत होती. "हे धारदार कोपऱ्यांचे, ते टेकडीचे. मशीनने नुकताच फोडलेला दगड असाच दिसतो. हे गोल गुळगुळीत, ते नदीचे. पाण्याने घासलेले."

म्हातारा पडद्याजवळ नाक नेऊन बघत होता. पन्नास वर्षं तो ज्याच्याशी भांडला होता त्याचं तोंड त्याला आज पहिल्यांदा दिसत होतं. "आणि हे काळे झुपके?" त्याने विचारलं.

"ते बघायचंय अजून," बाई म्हणाल्या आणि पडदा मिटला.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी त्या कागद घेऊन आल्या. चहा तसाच ठेवला. "उद्या सभेत वाचणार आहे ते आधी तुम्हाला वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "चार ओळी आहेत. टेकडीची खडी, साठ टक्के. रस्त्याची माती, दहा. नदीची वाळू, पाच." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "राख, पंचवीस टक्के. ती तुमच्या भट्टीची आहे. सकाळी आठनंतर वारा नदीकडून फिरतो आणि भट्टीवरून सरळ दोऱ्यांवर येतो."

 गेल्या दोन वर्षांत लाकूड मिळेनासं झालं तेव्हापासून भट्टीत भुसा आणि जुने पुठ्ठे जळत होते. त्यांचा धूर हलका, काळा, चिकट. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कुणीही आजवर त्याचा विचार केला नव्हता.

सुनेचा तोल सुटला. "आमच्या घरी बसून, आमचा चहा पिऊन आमच्यावरच उलटलात? तो मॅनेजर ही एकच ओळ धरून बसेल. सभा पुन्हा हसेल! काचा पुसल्या म्हणून उट्टं काढताय का?"

बाईंनी मांडीवरचा कागद उचलला. "ही ओळ खोडली तर वरचे साठ टक्के पण खोटे होतील," त्या हळू म्हणाल्या. "मला तुमच्या बाजूने बोलता येत नाही हो. मला फक्त धुळीच्या बाजूने बोलता येतं. म्हणून आधी तुम्हाला सांगायला आले."

त्या गेल्या. सासरा जेवला नाही. अंगणात दोऱ्यांखाली बसून वाळत्या चादरींकडे बघत होता. सून पाणी घेऊन गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सिस्टरांच्या बोटाला लागलं ते माझ्या हातचं होतं. थोडं का होईना, माझ्या हातचं."

सुनेला त्याच्याकडे बघवेना. एखाद्या माणसाचा सगळा ताठा ज्या एका गोष्टीवर उभा असतो, तिच्यावरच घाव बसला होता, आणि घाव खोटा नव्हता.

सकाळी तिला जाग आली ती पहारेच्या आवाजाने. सासरा भट्टी फोडत होता. त्याच्या बापाने बांधलेली भट्टी, काजळीने काळ्या झालेल्या विटांची. कुणाला हाक न मारता त्याने एक बाजू पाडलीसुद्धा होती. नवरा बनियनवरच धावला, सुनेने हातातलं टाकलं. विटा सुट्या करायच्या, दोऱ्यांच्या पलीकडे नेऊन घाटाच्या पार खालच्या अंगाला रचायच्या, जिथून धूर दोऱ्यांवर येणार नाही. भट्टीचा मोठा हंडा तिघांनी मिळून लोळवत नेला. काजळी घामात मिसळून कोपरांपर्यंत ओघळत होती. सासऱ्याच्या छातीचा भाता झाला होता, पण बस म्हटलं तर ऐकेना.

बाई त्यांना सभेला न्यायला आल्या आणि फाटकातच थांबल्या. क्षणभर बघितलं. मग पिशवी फाटकाला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि चांगल्या कपड्यांनिशी विटा वाहू लागल्या. सून एका खेपेत त्यांच्यासमोरून गेली.

"काल मी बोलू नये ते बोलले," सून म्हणाली.

"हं," बाई म्हणाल्या. "ही बाजू धरा जरा, जड आहे."

सभेची वेळ झाली तेव्हा शेवटचा थर लागत होता. अंघोळीला वेळ नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात चुरगळलेल्या सदऱ्याने उंबरठा ओलांडला नव्हता, तो काजळीने माखलेल्या सदऱ्यात, काळ्या हातांनी गावाच्या सभेत शिरला. लोक माना वळवून बघत होते. कुणीतरी म्हणालंही, "परटाला आज कुणी धुतलं नाही वाटतं." सुनेचे कान तापले, पण म्हातारा तसाच पुढच्या बाकावर जाऊन बसला. मागच्या बाकावर मोठ्या सिस्टर होत्या. चादरींचा निकाल त्यांनाही आज लावायचा होता.

बाईंनी उभं राहून पहिल्या तीन ओळी वाचल्या. धुळीच्या कणांची चित्रं हातोहात फिरली. साठ टक्के ऐकल्यावर मॅनेजर खुर्चीत सरसावून बसला. बाईंनी चौथ्या ओळीसाठी श्वास घेतला आणि सासरा उभा राहिला.

"ती ओळ मी सांगतो," तो म्हणाला. "मला वाचता येत नाही. पण ती पाठ झालीय."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं आणि मान हलवली.

"राख, पंचवीस टक्के. ती माझ्या भट्टीची." त्याने काळे हात सभेला दाखवले. "दोन वर्षं मी खडीवाल्यांना बोल लावला आणि माझाच मळ माझ्या चादरींवर टाकत होतो. हॉस्पिटलच्या माणसांच्या जखमांना तो लागला असेल. त्याची मला लाज वाटते. आज सकाळी भट्टी फोडून खाली नेली. विश्वास नसेल त्याने येऊन बघावं. माझा वाटा मी उचलला. बाकीचा कुणाचा ते बाईंनी सांगितलंय."

कुणीच हसलं नाही. मॅनेजरने चौथ्या ओळीसाठी काय तयारी करून आणली होती देव जाणे. त्याने फाईल उघडली, बघितली आणि बंद केली. ज्या एका दाराने तो निसटणार होता तिथे म्हातारा आधीच जाऊन उभा राहिला होता. सुनेच्या छातीत अभिमान एवढा दाटला की तिला धड बघताही येईना. काल ती ज्या ओळीला घाबरली होती, त्याच ओळीने आज सासऱ्याला सगळ्या सभेपेक्षा उंच केलं होतं.

अध्यक्षांनी ठराव सांगितला. मशीनवर पत्र्याचं छत, खडीवर दिवसभर पाण्याचा फवारा, महिन्याच्या आत; आणि बाईंच्या काचा टेकडीखाली वर्षभर. मग त्यांनी तक्रारीचा छापील कागद पुढे केला. कागदावर दोन रकाने होते. डावीकडे तक्रार करणारा, उजवीकडे ज्यांच्याकडून दोष झाला ते. म्हाताऱ्याने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि डाव्या रकान्यात उठवला. मग पुन्हा पॅडवर दाबला आणि उजव्या रकान्यातही उठवला.

"काका, तो तुमच्यासाठी नाही," अध्यक्ष म्हणाले.

"पंचवीस टक्के आहे," म्हातारा म्हणाला. त्याने कागद मॅनेजरसमोर सरकवला, आणि अगदी अदबीने, पाहुण्याला पाणी द्यावं तसा पेनही उघडून त्याच्या हातात दिला. "घ्या साहेब. माझ्याखाली जागा आहे."

मॅनेजरने एकदा सभेकडे बघितलं. हसायला कुणी तयार नव्हतं. त्याने खाली वाकून, त्या काळ्या अंगठ्याच्या खाली, आपली सही केली.

मागच्या बाकावरून मोठ्या सिस्टर उठल्या. दारातून जाता जाता सुनेजवळ थांबल्या. "उद्या सकाळी चादरी न्यायला ये," त्या म्हणाल्या. "आणि यांना आता घरी नेऊन अंघोळ घाल."